रातपाळी कोणाची?



आज एक कबुली देऊन सुरुवात करतो. मागच्या वर्षी पावसाळ्यात आम्ही सातजण मंडळीतल्या एका घरी प्रार्थनेला गेलो होतो. घरातल्या भावाला तोंडाचा कॅन्सर. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकले होते, की आता पुढचे औषध नाही, घरी न्या आणि सेवा करा. आम्ही दोन गीते म्हटली, स्तोत्र वाचले, वीस-पंचवीस मिनिटे प्रार्थना केली. त्याची बायको मधूनमधून उठून आत जात होती. प्रार्थना संपेपर्यंत तिने आम्हा सातजणांसाठी चहा केला होता. आम्ही तो प्यालो. निघताना दारात तिने आमच्यातल्या एका काकूंचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही थोडा वेळ बसता का जी? मी न्हाऊन घेते."

आम्हाला अजून दोन घरी जायचे होते. पाऊस येईल असे दिसत होते. आम्ही म्हटले, "पुढल्या वेळी नक्की बसतो, बाई. प्रभू तुम्हाला सामर्थ्य देवो."

तीन आठवड्यांनी तो भाऊ प्रभूकडे गेला. मातीला सगळी मंडळी होती. काही दिवसांनी त्या बहिणीला भेटायला गेलो, तेव्हा ती रागाने नाही, अगदी सहज बोलून गेली: "तुम्ही सगळे येत होते, लय बरं वाटे. पण मले एक रात झोप पाहिजे होती." तिच्या परवानगीने हे लिहीत आहोत. तिचे नाव लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. आम्ही त्या घरी एकूण पाच वेळा गेलो होतो. पाचही वेळा रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. जी दिवसरात्र त्याच्या उशाशी होती, तिच्या डोक्यावर एकदाही हात ठेवला नाही. आणि हात ठेवण्याचे सोडा, तिने तोंडाने मागितलेला अर्धा तासही दिला नाही.

आमच्या बोरगावात कंपन्यांचा भोंगा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मंडळीतली कितीतरी घरे औद्योगिक क्षेत्रातल्या पगारावर चालतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. एखाद्याने दोन पाळ्या लागोपाठ केल्या तर घरी येऊन तो बाजेवर पडतो आणि पोरांना आवाज करू देत नाही. तिन्ही पाळ्या एकाच माणसाकडून, तेही रोज, कुठलीच कंपनी करून घेत नाही. यंत्रावरचा माणूस पेंगला तर काय होते हे सुपरवायझरला माहीत असते. पण शेवटच्या आजारातल्या माणसाच्या घरी एक बाई (आणि बहुतेक वेळा ती बाईच असते: बायको, सून, नाहीतर न लग्न झालेली मुलगी) महिनोन्‌महिने तिन्ही पाळ्या करते. तिला सुटी नाही, बदली नाही. आम्ही तिला "धन्य तुझी सेवा" म्हणून येतो.

त्या सेवेत नेमके काय असते, हे आम्हालाही तेव्हा माहीत नव्हते. नंतर विचारून घेतले. जो स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. धडधाकट माणसाला वळवायला दोघे लागतात आणि घरात ती एकटी असते. तोंडाने गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून थोडे थोडे पातळ अन्न, दर दोन-तीन तासांनी, रोग्याला उठते बसवून, नळी आधी आणि नंतर पाण्याने धुऊन. तोंड पुसणे, ओठांना ओलावा देणे. जखमेची पट्टी. लघवी-संडास. चादरी धुणे, आणि पावसाळ्यात त्या वाळत नाहीत. दुखण्यावरचे मॉर्फिन असेल तर ते सहसा दर चार तासांनी द्यावे लागते. रात्रीचा दोनचा डोस टळावा म्हणून पुष्कळ डॉक्टर झोपतानाचा डोस वाढवून देतात, पण ते डॉक्टरला विचारायचे असते हेच कुणी तिला सांगितलेले नसते. ती गजर लावून उठते.

आणि वास. याबद्दल मंडळीत कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतो. तोंडाच्या, गालाच्या उघड्या जखमेला वास येतो. आमच्यातले काही जण प्रार्थनेच्या वेळी रुमाल नाकाला लावून उभे होते. त्या भावाने ते पाहिले, त्याच्या बायकोनेही पाहिले. पुढच्या खेपेला आम्ही जायच्या आधी तिने घरभर फिनाईल टाकून ठेवले होते, उदबत्त्या लावल्या होत्या. या वासावर साधा उपाय असतो. मेट्रोनिडॅझोल नावाची स्वस्त गोळी आहे, तिची पूड डॉक्टरच्या सांगण्यावरून जखमेवर टाकतात आणि वास पुष्कळ कमी होतो. हे ठाऊक असलेली एखादी नर्सबाई आमच्यासोबत असती तर? आमच्या ख्रिस्ती समाजात नर्सबाईंची काय कमी आहे! प्रत्येक दुसऱ्या घरात एक निघेल, निवृत्त तर नक्कीच. त्यांना आम्ही गीतमंडळात घेतो, स्त्रियांच्या सभेत अध्यक्ष करतो, पण त्यांचा हा हात मागत नाही.

आता वचनाकडे येऊ. निर्गमच्या सतराव्या अध्यायात रफीदीमची लढाई आहे. मोशेचे हात वर असतात तोवर इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेकाची. मोशेचे हात भरून येतात. या भागावर आम्ही सर्वांनी डझनावारी संदेश ऐकले आहेत आणि बहुतेक संदेशांचा शेवट एकच: आपल्या पाळकांचे हात उचलून धरा. (पाळक साहेब हे वाचून हसतील, पण खरे आहे.) त्या गोष्टीत अहरोन आणि हूर पहिल्यांदा काय करतात ते पाहा. हात धरण्याच्या आधी ते एक धोंडा आणून मोशेच्या खाली ठेवतात. त्याला बसवतात. मग एक या बाजूला, एक त्या बाजूला, सूर्य मावळेपर्यंत. दोघे आहेत आणि पूर्ण वेळ आहेत. मोशेचा विश्वास कमी पडला म्हणून हात खाली आले असे वचन म्हणत नाही. हात जड झाले. देवाच्या माणसाचेही हात जड होतात.

एलीयाचेही तसेच. पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रतामाच्या झुडपाखाली मरण मागून झोपी जातो. देवदूत येतो तो काय घेऊन? भाकर आणि पाण्याचा कुंजा. खायला घालतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाचा शब्द होरेब पर्वतावर, चाळीस दिवसांच्या वाटेनंतर येतो. आधी भाकर, झोप, भाकर. आम्ही मात्र थकलेल्या माणसाच्या घरी थेट होरेब घेऊन जातो.

आणि गेथशेमाने. आमच्या प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री तिघांजवळ काय मागितले? जवळ राहा, जागे राहा. एक तासभर. ते तिघे त्याचे सगळ्यांत जवळचे होते आणि तिघेही झोपले. दर वर्षी दुःखसहनाच्या आठवड्यात आम्ही त्यांच्यावर बोलतो. पण खरे सांगायचे तर ते निदान बागेत तरी होते. आम्ही चहा पिऊन निघून आलो.

काही जण म्हणतील, अशा लोकांसाठी हॉस्पिस असतात ना. असतात, देवाची कृपा. ज्या अर्थाने आज हा शब्द वापरतात तो सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंमुळे. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, मग मरणाऱ्यांच्या वेदनेकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत म्हणून स्वतः डॉक्टर झाल्या. त्यांच्या विश्वासातून हे काम उभे राहिले आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झाले. प्रवाशांना खांद्यावर घेऊन नदीपार करणारा तो ख्रिस्तोफर. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची, आत्म्याचीही असते, हे त्यांनी शिकवले आणि म्हणून रोग्याबरोबर त्याचे घरही त्यांनी सेवेत धरले. आपल्या देशात १९८६ साली मुंबईला वांद्र्यात डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती आवेदना सदन उघडले. भारतातले ते पहिले हॉस्पिस. तिथे होली क्रॉसच्या सिस्टर सेवा करतात आणि रोग्याकडून पैसे घेत नाहीत. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. तिथली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते: रोग्याबरोबर घरचे माणूस राहते आणि पट्टी कशी करायची, कूस कशी बदलायची, नळी कशी सांभाळायची हे शिकून घरी परत जाते. आपल्या जवळ नागपुरात स्नेहांचल आहे.

पण सौंसर-पांढुर्ण्याच्या गावातला माणूस शेवटचे दिवस कुठे काढतो? घरीच. संत्र्याचा तोडा सोडून, कापसाची वेचणी सोडून, रोजी बुडवून कोण नागपूरला महिनाभर राहील? शिवाय आमच्या लोकांना शेवट आपल्या अंगणात हवा असतो आणि यात चूक काही नाही. पांढुर्णा २०२३ पासून वेगळा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, पण मोठ्या आजाराला आजही आम्ही राज्याची हद्द ओलांडून नागपूरच गाठतो. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक बैतूलकडे पाढरच्या मिशन हॉस्पिटलला जात. डॉक्टरने "घरी न्या" म्हटले की रस्ता एकच, परत गावाकडे. त्या दिवसापासून ते घर हेच हॉस्पिस असते. एका खाटेचे. आणि त्यात कर्मचारी एक.

म्हणून आमचे मत असे आहे: आमच्या मंडळ्यांनी भेटी कमी कराव्यात आणि पाळ्या घ्याव्यात. भेट आमच्या सोयीने असते, रविवारी उपासनेनंतर, सगळे मिळून. पाळी त्या घराच्या सोयीने असते आणि आपण गेल्यावर त्या बाईला घरातून निघता किंवा आडवे होता आले पाहिजे. आमच्या जाण्याने तिचे काम वाढले, तर आम्ही पाहुणे होतो.

हे काही आमच्या डोक्यातून आलेले नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी आणि साध्या लोकांनी मिळून वेदना-उपचाराचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात त्याला गावोगाव फांद्या फुटल्या. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, रिक्षावाले अशा लोकांनी आठवड्यातून दोन तास द्यायचे, थोडे शिक्षण घ्यायचे आणि आपल्याच वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचे. पैसा थेंबाथेंबाने गावातूनच गोळा झाला. त्यात मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सगळे होते. आपल्या मध्य प्रदेशाला लागून असलेल्या ललितपूरला हॅरिएट बेन्सन मेमोरियल हॉस्पिटल या मिशनच्या छोट्या दवाखान्याने २०१० पासून खेड्यांत घरी जाऊन अशीच सेवा सुरू केली. तिथली गावे आमच्याहून श्रीमंत नाहीत. दोन तास. आमच्या उपासनेला आणि त्यानंतरच्या गप्पांना एवढा वेळ सहज जातो.

आता काही बोचणाऱ्या गोष्टी.

पहिली गोष्ट विश्वासाची. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाच्या घरी जाऊन "पूर्ण विश्वास ठेवा, तो उठून चालू लागेल" असे सांगणारे आमच्यात आहेत. प्रभू बरे करतो, यावर आमचाही विश्वास आहे. पण हे वाक्य ऐकून ती बाई रात्री काय विचार करते ते आम्हाला एका मुलीने सांगितले. आई गेल्यावर वर्षभर तिला वाटत राहिले, की माझाच विश्वास कमी पडला. तेवढ्यावरच थांबले नाही. कोणीतरी तिला असेही म्हटले होते, की मॉर्फिन देणे म्हणजे देवावर भरवसा नसणे. म्हणून तिने दोन दिवस गोळी दिली नाही. तिची आई दोन दिवस कण्हत होती. बंधू-भगिनींनो, डॉक्टरच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी दिलेले मॉर्फिन ही नशा नव्हे. ते मिळणे पूर्वी कायद्याने फार अवघड करून ठेवले होते, २०१४ साली संसदेने कायदा बदलला तो रोग्यांना ते मिळावे म्हणूनच. सगळ्याच दवाखान्यांत ते नसते, मान्यता असलेल्या संस्थेतच मिळते. त्याने पोट घट्ट होते, म्हणून सोबत जुलाबाचे औषधही डॉक्टर देतात, ते विसरू नये. उपदेश करणाऱ्याने यातले काही माहीत नसेल तर गप्प बसावे. ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर बसून एक शब्द बोलले नाहीत तोवर चांगले मित्र होते. तोंड उघडले आणि बिघडवले.

दुसरी गोष्ट त्याहून आतली आहे. सेवा करणाऱ्याच्या मनात एक क्षण येतो, जेव्हा वाटते: आता हे संपावे. म्हणजे हा माणूस जावा. मग लगेच आपणच आपल्याला धिक्कारतो. असे वाटले नाही असा सेवा करणारा आम्हाला अजून भेटलेला नाही, आणि आम्ही आता विचारायला शिकलो आहोत. एका सुनेने सांगितले, की सासूबाईंनी तिसऱ्यांदा अंथरूण ओले केले तेव्हा तिने त्यांचा हात जोरात दाबला, आणि त्या दिवसापासून ती प्रभुभोजनाला येत नव्हती. सगळ्यांना वाटले घरच्या कामामुळे येत नाही. हे ऐकायला कोणीतरी हवे, जो "असं कसं वाटलं तुला?" म्हणणार नाही. पाळक साहेबांना आम्ही विनंती केली आहे, की अशा घरी प्रभुभोजन घेऊन जाताना रोग्याबरोबर सेवा करणाऱ्यालाही वेगळे दहा मिनिटे द्यावीत, दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात. ते देतात. मन फारच खचले असेल, झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस नावाची फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, पैसे लागत नाहीत आणि हिंदीत बोलता येते. प्रार्थना करणाऱ्याने तिथे फोन लावणे यात कमीपणा नाही.

तिसरी, दूरच्या नातेवाइकांची. पुण्याहून, भोपाळहून फोन येतो: नळी का टाकली, अमुक वैद्याकडे का नेले नाही, मोसंबीचा रस देता का. जो दोन तास बसत नाही त्याने सल्ला देऊ नये, एवढेच आम्ही म्हणू. फार तर पैसे पाठवावेत. पैशाची गरज खरी आहे, कारण आयुष्मान कार्डावर दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च निघतो, घरच्या खाटेवरचा निघत नाही. लंगोट, पट्ट्या, गाडीभाडे हे सगळे खिशातून जाते. सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिराच्या कामांत म्हाताऱ्यांची आणि अशा शेवटच्या आजारातली सेवा धरलेली आहे. आपल्या गावच्या आशाताईंना विचारा, घरी बोलवा. विचारल्याशिवाय कोणी येत नाही आणि आमचे लोक विचारायला लाजतात.

आणि मुलगे. आम्ही पुरुषांनी हे लिहिले तर बरे दिसेल म्हणून लिहितो. वडिलांना कुशीवर वळवायला मुलाचे खांदे चालतात, मग लंगोट बदलायला त्याचे हात का चालत नाहीत? प्रभूने कमरेला रुमाल बांधून पाय धुतले ते सुनेला शिकवण्यासाठी नव्हे.

या उन्हाळ्यापासून आम्ही एक वही केली आहे. सध्या दोन घरे आहेत आणि नाव दिलेले अकरा लोक. सगळे नीट चालले आहे असे सांगितले तर खोटे होईल. पहिल्या आठवड्यात आमच्यातल्या एका भाऊंनी दोन तास आजीबाईंना आपल्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली. आजींनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की हा नको. डबे द्यायचे ठरले तर एकाच दिवशी चार घरांतून चार डबे, चारींत आलू-वांगे, आणि नंतर तीन दिवस काही नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी परक्या माणसाला अंगाला हात लावू दिला नाही. त्यांच्या मुलीने समजावले, तेव्हा म्हणाले, "याच्यापुढे मी उघडा होऊ काय?" त्यांचे बरोबर होते. आता ओळखीचा माणूस आधी दोन-तीन वेळा नुसता बसतो. बाबांशी संत्र्याच्या भावावर बोलतो. तिसऱ्या वेळी बाबाच म्हणाले, "जरा वळव."

नियम मोजकेच केले. चहा घ्यायचा नाही, पाणी आपले न्यायचे. औषधाला आपण हात लावायचा नाही, डोस तर बदलायचाच नाही. गोळी घरच्यांनी काढून ठेवायची, वेळ लिहून ठेवायची. रोगी बाई असेल तर बाईच बसेल. घरात जे पाहिले ते घरातच राहील, प्रार्थना-विनंती म्हणूनही ते सभेत सांगायचे नाही. (हा नियम सगळ्यांत अवघड जातो आहे.) घरच्या माणसाने त्या दोन तासांत काय केले ते विचारायचे नाही. एक बहीण दोन तास नुसती अंगणात बसून राहिली. एक सौंसरच्या बाजारात जाऊन बांगड्या भरून आली आणि रडली, की हे मी काय केले. आमच्या काकूंनी तिला सांगितले, "बरं केलं, बाई. लय दिवस रिकामे हात होते."

रोगी प्रभूकडे गेला की वहीतले नाव खोडायचे नाही, हे त्या पहिल्या बहिणीने सांगितले. ती आता आमच्यासोबत असते. तिचे म्हणणे असे, की मातीनंतर आठ दिवस घर भरलेले असते आणि मग एकदम कोणी नाही. ती रात्री दोन वाजता सवयीने उठते आणि कोणाला वळवायचे नसते. म्हणून तीन महिने, आठवड्यातून एकदा, कोणीतरी जायचे. यावेळी चहा घ्यायचा. तिला करून द्यावासा वाटतो.

वही चर्चच्या दारामागच्या टेबलावर आहे, उपासनेनंतर पाहता येईल. दिवसाच्या पाळ्या बऱ्यापैकी भरल्या आहेत. कंपनीत काम करणारे दोन तरुण शनिवारची रात्र घेतात, कारण रविवारी त्यांना सुटी असते. तिन्हीसांजेच्या पाळीला संडे स्कूलच्या दोन शिक्षिका आहेत. बुधवारची रात्र, दहा ते पहाटे पाच, दोन्ही घरांसाठी अजून रिकामी आहे. ज्यांना जमेल त्यांनी नाव लिहावे, किंवा आमच्यापैकी कोणालाही सांगावे.